पान पिवळं पडलं की आधी बोट मातीत घाला

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत एका कृषी सखीने केलेलं भाषण. बोलल्या तसंच छापत आहोत.)



मागच्या बैठकीत चहा चालू असताना एका ताईंनी पदराची गाठ सोडली आणि आतून एक पान काढून माझ्या हातावर ठेवलं. कढीपत्त्याचं होतं. पिवळंधमक. म्हणाल्या, "ताई, सगळं झाड असंच व्हायलंय, कुठलं औषध मारू?" मी पानाकडे बघितलं आणि विचारलं, "हे पान झाडाच्या शेंड्याचं की बुडाचं?" त्या म्हणाल्या, "ते काय बघितलं नाही बाई." मग विचारलं, "कुंडीला खाली भोक आहे का?" त्या हसायलाच लागल्या. आजूबाजूच्या पण हसल्या. पण त्यातल्या चार-पाच जणी घरी जाऊन कुंडी उलटी करून बघून आल्या असणार, हे मला माहीत आहे. म्हणून अध्यक्षताईंनी सांगितलं की आज यावरच बोल.

आधी एक सांगते. पिवळं पान म्हणजे दर वेळी रोग नसतो. आपण म्हाताऱ्या माणसाला पिकलं पान म्हणतो ना? झाडाचंही तसंच असतं. पानात जो हिरवा रंग असतो, त्याला हरितद्रव्य म्हणतात. पान जुनं झालं की झाड त्यातलं कामाचं सत्त्व काढून घेतं, वरच्या कोवळ्या पानाला देतं आणि रिकामं पान सोडून देतं. घर सोडताना आपण फळीवरचे डबे काढून नेतो, तसं. म्हणून मनीप्लांटचं अगदी खालचं एखादं पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळं पडलं तर घाबरायचं कारण नाही. हळदीची पानं पिवळी पडून वाळायला लागली की आपण म्हणतो, आता काढणीला आली. देवचाफा तर थंडीत सगळी पानं टाकतो आणि नुसता खराटा उभा राहतो. आमच्या शेजारच्या काकूंनी असा खराटा बघून त्याला रोज बादलीभर पाणी घातलं, बिचाऱ्याला जागं करायला! चाफा झोपला होता, मेला नव्हता. पाण्याने मेला. खोड दाबलं तर बोट आत जात होतं, इतकं कुजलं होतं.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. सांगायला जरा जड जातंय, पण सांगते.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. काळं रान, ज्वारीचं. दारात सिमेंटचं तुळशी वृंदावन आहे, माझ्या सासूबाईंच्या वेळचं. त्यात तुळस चांगली कमरेएवढी वाढलेली होती. मुलाचं लग्न झालं, सून आली, आणि त्याच पावसाळ्यात तुळस पिवळी पडायला लागली. आधी खालची पानं, मग मधली. सकाळी झाडायला गेलं की वृंदावनाभोवती पानांचा सडा. श्रावण संपेपर्यंत नुसत्या काड्या राहिल्या.

घरात कोणी काय म्हटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. मीच म्हटलं. सुनेला विचारलं, "अडचणीत असताना तुळशीला शिवलीस का?" ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "मग सावली पडली असेल." ती गप्प बसली. त्यानंतर महिन्याचे चार दिवस मी तिला त्या बाजूच्या दारानेसुद्धा जाऊ दिलं नाही. मागच्या दाराने ये-जा कर म्हटलं. नवी तुळस आणून लावली. दोन महिन्यांत तीही पिवळी. मग तर माझी खात्रीच झाली. बोलणं माझं वाढलं. शेजारणीही येऊन चार शब्द सांगून जायच्या, कुणाच्या सुनेने काय केलं होतं ते. ती पोर अठरा-एकोणीस वर्षांची, एकदाही उलटून बोलली नाही.

उन्हाळ्यात अंगणात फरशी बसवायची होती, म्हणून वृंदावन बाजूला घ्यावं लागलं. गवंड्याने आणि माझ्या मुलाने ते आडवं केलं. आतून माती पडली नाही बायांनो, चिखल पडला. काळा, निळसर, आणि त्याला गटारीसारखा वास. एप्रिल महिन्यात! बाहेर जमीन तडकलेली आणि वृंदावनात चिखल. तुळशीची मुळं हाताला लागली तर वरची साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा. गवंड्याने वृंदावनाच्या तळावर हात फिरवला आणि म्हणाला, "मावशी, याला भोकच ठेवलेलं नाही."

मग मी हिशोब केला. सकाळी अंघोळ झाली की मी एक तांब्या पाणी घालायची. सासूबाई होत्या तेव्हा त्यांचा एक. मालक देवपूजा झाली की देवाचं पाणी तिथेच ओतायचे. सून आली, तिला मीच सांगितलं होतं, रोज तुळशीला पाणी घालत जा. म्हणजे तिचाही एक. पावसाळ्यात वरून पाऊस. आणि खाली जायला वाट नाही. माती कुठली? शेतातली काळी, चिकट. वर हळदकुंकू, अक्षता, सणावाराला दुधाचे चार थेंब, दिव्याचं तेल. सगळं त्यातच मुरलेलं.

सून तिथेच उभी होती. ती काहीच बोलली नाही. खराटा आणला आणि तो चिखल गोळा करायला लागली. मी पण त्या दिवशी काही बोलले नाही, तोंडच नव्हतं. दोन दिवसांनी भाकरी करताना म्हटलं, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "आत्या, तव्यावरची करपतेय." एवढंच. पण पुढच्या महिन्यात ती पुढच्या दाराने आली-गेली आणि मी काही म्हटलं नाही.

आता तुम्ही मला सांगा, आपण खुरपायला जातो, कापूस वेचायला जातो, मिरची तोडायला जातो. तेव्हा मुकादम विचारतो का, कुणाला अडचण आहे म्हणून? पाळी चालू असताना आपण दिवस-दिवस पिकात उभ्या असतो. एवढ्या वर्षांत कुणाच्या सावलीने कापूस वाळला का? मग दारातली तुळसच तेवढी कशी वाळेल?

तर मुळाकडे येऊ. मूळ पाणी पितं हे आपल्याला ठाऊक आहे, पण मूळ श्वासही घेतं. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा असते. पाणी घातलं की हवा बाहेर जाते, पाणी निथळलं की हवा परत आत येते. पाणी निथळलंच नाही तर मूळ गुदमरतं. गुदमरलेलं मूळ कुजतं, आणि कुजलेलं मूळ पाणीही ओढू शकत नाही आणि खतही. मग पान पिवळं पडतं, मान टाकतं आणि गळतं.

गंमत अशी की हे आपल्याला माहीत आहे. चिबड रानातला ऊस कसा दिसतो? पिवळा. तुरीत दोन दिवस पाणी साचलं की काय होतं? पिवळी पडते. तेव्हा आपण म्हणतो का, अजून पाणी द्या? आपण चर काढतो आणि पाणी बाहेर काढतो. रानात जे कळतं ते दारातल्या कुंडीत विसरतो. कारण कुंडीतलं झाड माना टाकून उभं असलं की ते तहानलेलं वाटतं. माती ओली आणि झाड सुकलेलं, असं दिसलं की समजायचं, मूळ गेलंय. तिथे आणखी एक तांब्या घातला की संपलं.

म्हणून पहिलं काम, बोट. बोटाची दोन पेरं मातीत घालायची. आत ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर पाणी, आणि तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत एकदाच भरपूर. रोज पेलाभर-पेलाभर नको. रोज, दिवसाआड, आठवड्यातून दोनदा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उन्हाळ्यात छोटी मातीची कुंडी दिवसात दोनदा मागेल, आणि थंडीत सावलीतली प्लॅस्टिकची कुंडी आठ दिवस मागणार नाही. कुंडी लहान असेल तर उचलून बघा. घागर भरली की रिकामी ते आपण वजनावरून ओळखतोच की.

दुसरं, भोक. रंगाचा डबा, तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, आपण सगळ्यात झाडं लावतो आणि लावावीत. पण तळाला करंगळी जाईल अशी तीन-चार भोकं पाडा, वर फुटक्या कौलाचा तुकडा पालथा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही. आम्ही वृंदावनाला मशिनने भोक पाडून घेतलं आणि खाली दोन विटा दिल्या, म्हणजे पाणी निघायला जागा राहते.

तिसरं, माती. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. रानात ती सोनं आहे, कुंडीत ती ओली झाली की लोणी आणि वाळली की दगड. दोन वाटे माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटा वाळू किंवा बारीक मुरूम. शेण ताजं घालू नका, ते कुजताना मुळं भाजून काढतं.

आणि ज्यांची कुंडी आत्ताच चिखल झालीय त्यांनी काय करायचं? पाणी बंद. कुंडी सावलीत पण वारा लागेल अशी ठेवा. झाड अलगद बाहेर काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं असतील तर बरं आहे. तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी असतील तेवढी स्वच्छ कात्रीने कापा आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावा. मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळला तर चांगलं. तो कृषी सेवा केंद्रात मिळतो. नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नका. आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढत नाही.

इथे मागच्या वेळी एकीने विचारलं होतं, मग मनीप्लांट नुसत्या पाण्याच्या बाटलीत कसा जगतो? प्रश्न एकदम बरोबर आहे. पाण्यात फुटलेली मुळं पाण्यातच राहायला तयार झालेली असतात, आणि पाण्यातही थोडी हवा विरघळलेली असते. पण आठवड्याने पाणी बदलावं लागतं. शिळं पाणी तसंच ठेवलं तर तिथलीही पानं पिवळी पडतात.

आता पाणी बरोबर आहे, भोक आहे, तरी पान पिवळं आहे. तेव्हा कुठलं पान ते बघायचं. खालची जुनी पानं सबंध पिवळी आणि शेंडा फिकट हिरवा, वाढ थांबलेली, असं असेल तर झाड भुकेलं आहे. त्याला नत्र पाहिजे. मूठभर गांडूळखत, किंवा शेंगदाण्याची पेंड दोन-तीन दिवस भिजवून त्या पाण्यात दहा पट साधं पाणी मिसळून घाला. कुंडीतली माती दोन-तीन वर्षं बदलली नसेल तर बदला, त्यात आता काही उरलेलं नसतं.

उलटं असेल, म्हणजे शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या, तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. त्या ताईंचं कढीपत्त्याचं पान असंच होतं. आपल्याकडे हे फार दिसतं, कारण आपल्या काळ्या मातीत चुना आणि बोअरचं पाणी जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो ना, तोच. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळाला घेता येत नाही. अशा कुंडीत अंड्याची टरफलं आणि चुना घालू नका. मोबाईलवर बघून सगळ्या जणी टरफलं घालतात. त्यात चुनाच असतो, आणि आपल्या मातीला चुन्याची कमी नाही. हिराकस आणा. एक लिटर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजासारखे डाग पडतात ते निघत नाहीत. पावसाचं पाणी साठवता आलं तर कुंड्यांना तेच द्या.

पान पिवळट, त्यावर बारीक ठिपके आणि खालच्या बाजूला कोळिष्टकासारखं जाळं असेल तर लाल कोळी आहे. उन्हाळ्यात येतो. पानाच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारा, मग निंबोळी अर्क. लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची पावडर रात्रभर भिजवून गाळून. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण जास्वंदीवर असतो, तो जुन्या ब्रशने घासून काढायचा आणि मग तोच अर्क. रोपवाटिकेतून आणलेलं झाड घरी आल्यावर आठ-पंधरा दिवस थोडी पानं टाकतं, जागा बदलली म्हणून. त्याला रोज इकडून तिकडे हलवू नका. आणि कढीपत्ता, तुळस दोन्ही कडाक्याच्या थंडीत पानं टाकतात, तेव्हा पाणी कमी करा.

तुळशीचं अजून एक. ती काही वडासारखी शंभर वर्षं जगत नाही. दोन-तीन वर्षांत तिचं खोड लाकडासारखं होतं, पानं बारीक होतात. मंजिऱ्या भरपूर येऊ दिल्या की झाडाचा सगळा जोर बियांत जातो आणि पानं गळतात. म्हणून मंजिऱ्या खुडत राहायचं, आणि थोड्या वाळवून त्यांचं बी दरवर्षी बाजूच्या डब्यात टाकून ठेवायचं. जुनी गेली की नवी तयार. जुनी तुळस गेली म्हणजे घरावर काही आलं असं नाही.

आता एवढं शहाणपण आल्यावर मी चुकले नसेन असं वाटत असेल, तर गटाचं ऐका. आमच्या बारा जणींच्या गटाने ग्रामसंघाकडून पंधरा हजार घेतले आणि तुळशीच्या लग्नाच्या बाजारासाठी दोनशे पिशव्या भरल्या. तुळस, मोगरा, कढीपत्ता. पिशव्यांना भोकं होती. पण अंगण घाण होऊ नये म्हणून आम्ही खाली ताडपत्री अंथरली आणि तिच्या कडा विटांवर दुमडून उभ्या केल्या. त्यात परतीचा पाऊस आला. पाळ्या लावल्या होत्या, रोज दोघींनी पाणी घालायचं. पण मायेने प्रत्येक जण येता-जाता मगभर घालत होती. सगळ्यांचीच रोपं ना! कुणी घातलंय का, हे कुणीच बघत नव्हतं. दिवाळीच्या आधी नव्वद पिशव्या पिवळ्या. बैठकीत एकीने लगेच रोपवाल्याचं नाव घेतलं, एकीने मातीचं. मी ताडपत्रीचा कोपरा उचलला तर खाली पाण्याचं तळं. मी स्वतः त्या ताडपत्रीवर उभी राहून पाणी घातलं होतं, वृंदावनाची गोष्ट पाठ असताना.

एकशे दहा रोपं विकली गेली. कर्जाचे दोन हप्ते आम्ही बचतीतून भरले, ते भरून काढायला पुढचे तीन महिने गेले. एका बहिणीने गट सोडायची भाषा केली, तिचं खरंही होतं, तिच्या मुलीच्या फीचे पैसे त्यात अडकले होते. शेवटी राहिली. पुढच्या वर्षी आम्ही ताडपत्री काढून खडीवर पिशव्या मांडल्या, आणि पाण्याचं काम एकीलाच दिलं, महिन्याला मानधन ठरवून. बाकीच्यांनी मगाला हात लावायचा नाही. वही ठेवली. रोज सकाळी दहा पिशव्यांत बोट घालून बघायचं आणि ओली की कोरडी ते लिहायचं, मग ठरवायचं. हे काम माझी सून करते. गेल्या वर्षी दोनशेतल्या अकरा गेल्या.

वही मी आज आणली आहे, ज्यांना रकाने कसे पाडले ते बघायचं त्यांनी बैठक संपल्यावर बघा. आणि पुढच्या महिन्यात पान घेऊन येणार असाल तर एक आणू नका. एक शेंड्याचं, एक बुडाचं, अशी दोन आणा, आणि कुंडीतली चिमूटभर माती दोन पेरं खालून काढून कागदात बांधा. येताना घरात एवढं मात्र विचारून या, की त्या कुंडीला पाणी कोण कोण घालतं.